नुसती मान हलवा



मागच्या महिन्यात सुरतेला एका साखरपुड्याला गेलो होतो. जेवणाच्या रांगेत ताट धरून उभा होतो, तेवढ्यात एक ओळखीचे गृहस्थ मागून कानाशी आले. "तुम्ही बारडोलीला बँकेत होतात ना? मुलाच्या आजोबांचं खातं तुमच्याच शाखेत असणार. घर बरं आहे ना? म्हणजे आतून?" मी म्हटलं, "बासुंदी चांगली झालीय, घ्या." ते हसले आणि पुढच्या माणसाला म्हणाले, "रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, पण हा माणूस अजून तोंड उघडत नाही."

कौतुक म्हणूनच म्हणाले ते. पण घरी येताना गाडीत मी गप्पच होतो. हिने ओळखलं. "दादा आठवले ना?" म्हणाली. खरंच दादा आठवले होते. म्हणून हे लिहायला बसलो. जरा लांबेल, पण आपल्या मंडळींना वेळ असतो.

मी १९७३ साली बँकेत क्लार्क म्हणून लागलो. शिक्षण बी.कॉम., वय तेवीस. बँकेचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. १९६९ साली ज्या चौदा बँका सरकारने ताब्यात घेतल्या त्यातली एक, एवढं पुरे. पहिल्या दिवशी हजेरीच्या आधी एका छापील कागदावर सही घेतली. एकनिष्ठता आणि गुप्ततेचं प्रतिज्ञापत्र. १९७० च्या बँकांच्या कायद्यातच ते आहे. बँकेच्या आणि बँकेशी व्यवहार करणाऱ्या कुणाच्याही गोष्टी, ज्याला कायद्याने हक्क नाही अशा माणसाला मी सांगणार नाही, असा त्याचा मतलब. तेव्हा मी ते वाचलंसुद्धा नाही. नोकरी लागली होती, सही करा म्हटल्यावर दहा ठिकाणी केली असती.

आमचे तेव्हाचे मॅनेजर नागर ब्राह्मण, फार कमी बोलणारे. त्यांनी मला एकच वाक्य सांगितलं, "भाई, काउंटरच्या आत जे दिसतं ते काउंटरच्या आतच राहतं." मला वाटलं, त्यात काय मोठंसं.

मोठं काय आहे ते बारडोलीत राहिल्याशिवाय कळायचं नाही. इथे पैसा अर्धा उघडा आणि अर्धा झाकलेला. ऊस शेतात उभा असतो, तो काही झाकता येत नाही. कुणाचे किती वीघे, किती टन फॅक्टरीला गेला, हे गल्लीतल्या पोराला पाठ. खांड फॅक्टरीचा भाव जाहीर झाला की पानाच्या गादीवर बसून लोक दुसऱ्याचा हिशोब बोटावर करायचे. पैसा हप्त्या-हप्त्याने बँकेत जमा व्हायचा. ज्या दिवशी हप्ता, त्या दिवशी शाखेत पाय ठेवायला जागा नसे आणि रांगेतला प्रत्येक माणूस पुढच्याच्या पासबुकात मान घालून उभा. दुसरा पैसा परदेशचा. लेस्टर, न्यूझीलंड, आफ्रिका आणि पुढे अमेरिकेतली मोटेलं. त्या फिक्स डिपॉझिटांचे आकडे मात्र कुणाला माहीत नसायचे, म्हणून त्याबद्दलची उत्सुकता दुप्पट. घर तीन मजली, आत म्हातारा-म्हातारी दोघंच, आणि गावात चर्चा अशी की तिजोरीत पाऊंडच पाऊंड.

बाहेरून बघून दुसऱ्याच्या खिशाचा अंदाज बांधायचा खेळ बारडोलीत जुना आहे, आणि त्यावरून एकदा इथे इतिहास घडलाय. १९२८ चा सत्याग्रह आपण शाळेत शिकलो, वल्लभभाई इथेच सरदार झाले हे सगळ्यांना माहीत असतं. पण सारा वाढवला का, हे फारसं कुणाला माहीत नसतं. जयकर नावाच्या डेप्युटी कलेक्टरने पाहणी करून तीस टक्के वाढ सुचवली. आडनावावरून आपल्यातलेच म्हणायचे! कारणं काय दिली? ताप्ती रेल्वे आली, पक्की घरं वाढली, बैलगाड्या वाढल्या, म्हणजे तालुका श्रीमंत झाला. सरकारने ती वाढ बावीस टक्क्यांवर आणली. लोकांचं म्हणणं, अहो, त्यातली पुष्कळ घरं आफ्रिकेच्या कमाईची आहेत, शेतीच्या नव्हे. महादेवभाई देसाईंनी बारडोलीवर लिहिलेल्या पुस्तकात हा सगळा वाद आला आहे. शेवटी ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांची चौकशी नेमली गेली आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. घर बघून हिशोब मांडला की किती चुकतो याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. गंमत म्हणजे त्याच ताप्ती लाइनने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडची आपली माणसं इकडे आली. आमचे वडीलही.

आता माझी चूक सांगतो. ही गोष्ट १९७९ ची.

तेव्हा सगळं हाताने. सेव्हिंग्जचं व्याज सहामाही निघायचं. जून आणि डिसेंबर अखेरीला आम्ही रात्री नऊ-दहापर्यंत लेजर उघडून बसायचो. त्यामुळे प्रत्येक खात्यावरून नजर फिरायचीच, तेच काम होतं. पण नजर फिरवणं वेगळं आणि थांबून वाचणं वेगळं. आमच्या चाळीत एक मास्तर राहायचे, मराठी, बायको आणि तीन मुलं. सायकल जुनी, सदऱ्याची कॉलर उलटी करून शिवलेली. त्यांच्या पानावर मी थांबलो. शिल्लक बघितली, मग त्यांच्या फिक्स डिपॉझिटचं रजिस्टर काढून तेही बघितलं. ते काढायचं मला काही कारण नव्हतं. आकडा लिहीत नाही. माझ्या तेव्हाच्या तीन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त होता एवढंच सांगतो.

झालं. त्या दिवसापासून मास्तर मला दिसेनासे झाले, आकडाच दिसायला लागला. बाजारात त्यांनी भाजीवालीशी चार आण्यांसाठी घासाघीस केली की मला हसू यायचं. हिला मी एक शब्द सांगितला नव्हता, त्या बाबतीत प्रतिज्ञापत्र पाळत होतो म्हणा ना. पण मनातल्या मनात माणसाला कंजूष ठरवून बसलो होतो.

त्या वर्षी गणपतीची वर्गणी गोळा करायला आम्ही चार-पाच जण घरोघरी फिरत होतो. मास्तरांनी पाच रुपये दिले. बाकीचे पावती फाडून निघाले. मी मात्र दारात थांबून, हसत हसत म्हणालो, "मास्तर, तुम्ही तरी एवढं हात आखडून देऊ नका."

बस, एवढंच. पण "तुम्ही तरी" म्हणताना माझा आवाज मला स्वतःलाच वेगळा ऐकू आला. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मुलांवर आयुष्यभर नजर ठेवलेला माणूस तो, त्याला कळायला कितीसा वेळ लागणार? काही बोलले नाहीत. आत गेले, आणखी पाच रुपये आणून दिले आणि दार लावून घेतलं.

दिवाळीनंतर त्यांनी आमच्याकडचं खातं बंद केलं. डिपॉझिटही मुदतीआधी मोडून, व्याजाचं नुकसान सोसून दुसऱ्या बँकेत नेलं. अर्जावर कारण लिहिलं होतं, "सोयीसाठी". मॅनेजरांनी मला विचारलं, "तुमच्या शेजारचे आहेत ना? काही झालं का?" मी म्हटलं, "नाही साहेब."

चार-पाच वर्षांनी दुसऱ्याच कुणाच्या तोंडून कळलं. तो पैसा मास्तरांचा नव्हताच. त्यांचे मेव्हणे कामावर अपघातात गेले होते. बहिणीला मिळालेली रक्कम तिच्या सासरच्यांच्या हाती लागू नये म्हणून भावाने स्वतःच्या नावावर ठेवली होती, भाच्यांच्या शिक्षणासाठी. त्यातला एक पैसा त्यांनी स्वतःच्या घरात वापरला नाही. लेजरमध्ये शिल्लक असते हो, ती कुणाची आणि कशासाठी ते लिहिलेलं नसतं. मास्तरांची माफी मागायची राहूनच गेली, तोवर ते बदली होऊन गेले होते.

या प्रसंगाने मी फार कडक झालो. जरा जास्तच कडक झालो, असं ही म्हणते.

१९८६ ला मी ऑफिसर होतो आणि बारडोलीच्याच शाखेत कर्जाचं टेबल बघायचो. दादा म्हणजे हिचे थोरले भाऊ, नंदुरबारला असायचे. पोटापुरती शेती आणि एक लहान दुकान. त्यांच्या मोठ्या मुलीसाठी बारडोलीतलं एक स्थळ सांगून आलं. आपल्यातलेच लोक, पंप आणि इंजिनांचं दुकान, मुलगा दुकानात बापाच्या हाताखाली. बाहेरून बघायला उत्तम. दुकानावर नवीन पाटी, मुलाकडे स्कूटर.

त्या दुकानाचं कॅश क्रेडिट आमच्याकडे होतं आणि महिन्याभरापूर्वीच मी तिथे माल तपासायला गेलो होतो. पुढच्या दोन रांगांतल्या खोक्यांत पंप होते. मागच्या रांगेतलं एक खोकं मी सहज उचललं तर ते वर आलं, एका हाताने. रिकामं. मग दुसरं, तिसरं, सगळी रिकामी. मुलाचा बाप तिथेच उभा होता. तो घाम पुसत म्हणाला, "साहेब, सीझनमध्ये भरून काढतो." मी रिपोर्ट लिहिला आणि वर पाठवला. ते माझं काम होतं.

आणि मग दादा सकाळच्या गाडीने आले. जेवण झालं, ही आत भांडी घासत होती. दादा सुपारी कातरत म्हणाले, "जावईबापू, त्यांचं खातं तुमच्याकडे आहे म्हणतात."

"हो, असेल."

"कसं आहे?"

"दादा, बँकेतलं मला विचारू नका."

"मी आकडा कुठे विचारतोय? तोंडाने काही बोलू नका. नुसती मान हलवा. होय की नाही."

तुम्हाला सांगतो, मान हलवायला काय लागतं? पण माझ्या डोळ्यांपुढे मास्तरांचं दार आलं. शिवाय परीक्षेसाठी घोकलेलं सगळं डोक्यात. आमच्या सीएआयआयबीला १९२४ सालचा इंग्लंडमधला एक खटला असायचा, टूर्नियरचा. या टूर्नियरच्या खात्यावर थोडं कर्ज थकलं होतं. बँकेच्या मॅनेजरने त्याचा पत्ता विचारायला त्याच्या मालकाला फोन केला आणि बोलता बोलता सांगून टाकलं की हा देणं लागतो आणि जुगारवाल्यांना पैसे देतो असं दिसतं. त्या माणसाची नोकरी गेली. कोर्टाने ठरवलं की बँकेवर गुप्ततेचं बंधन आहे आणि त्याला अपवाद चारच: कायद्याने भाग पाडलं तर, सार्वजनिक हितासाठी, बँकेच्या स्वतःच्या हितासाठी, आणि ग्राहकाने होकार दिला तर. या चारात मेव्हण्याच्या मुलीचं लग्न कुठेच बसत नव्हतं. बँका एकमेकींना ग्राहकाबद्दल जो अभिप्राय देत, तोही "नेहमीच्या व्यवहारापुरते ठीक" असल्या गुळमुळीत भाषेत. तसं काही म्हणालो असतो तर दादांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला असता, आणि ते तर आणखी वाईट.

मी म्हटलं, "दादा, तुम्ही बाहेर चौकशी करा. व्यापाऱ्यांत विचारा. चांगली दोन महिने करा, घाई करू नका."

यापेक्षा जास्त मला बोलता येत नव्हतं. मला वाटलं, शहाणा माणूस ओळखेल. पण दादांना वाटलं, हा बँकेचा साहेब झालाय, आपल्याला टाळतोय. त्यांनी बाहेर चौकशी केलीही. बाहेरच्यांनी पाटी आणि स्कूटर बघितली होती, त्यांनी तेच सांगितलं. मे महिन्यात लग्न झालं. मी अक्षता टाकल्या. मुलाच्या बापाने माझे दोन्ही हात धरून स्वागत केलं, जरा जास्तच वेळ धरले.

दीड वर्षात दुकान बसलं. बँकेने दावा लावला, म्हणजे आता सगळं जगजाहीर. भाचीचे दागिने आधीच गेले होते. दादांनी वकिलाकडून कागद मागवले, त्यात माल तपासणीची तारीख होती आणि खाली माझी सही.

ते घरी आले नाहीत. हिला पत्र आलं, पोस्टकार्ड, म्हणजे पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचावं असं. "तुझ्या नवऱ्याला माहीत होतं." एवढं एकच वाक्य. ही ते कार्ड घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "खरं?" मी हो म्हटलं. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मला निदान रात्री सांगितलं असतंत. मी काय कायद्यात बसते की नाही?" आणि मला खरंच सांगावं लागलं की, नाही, बसत नाहीस. पुढची आठ वर्षं दादा आमच्याकडे आले नाहीत. राखीपौर्णिमेला ही एकटी नंदुरबारला जाऊन यायची.

मध्ये माझ्या बदल्या झाल्या, वलसाड, भरूच, पुन्हा नवसारी. १९९३ ला मॅनेजर म्हणून बारडोलीला परत आलो. जॉइन होऊन महिनाही झाला नसेल, दुपारच्या वेळी भाची केबिनमध्ये आली. आमच्या घरी येणं तिने बंद केलं होतं, त्यामुळे मी जरा दचकलोच. ती शाळांचे युनिफॉर्म शिवायची, दोन मशिनं होती. पर्समधून रुमालात बांधलेल्या नोटा काढल्या आणि म्हणाली, "आतोबा, माझ्या एकटीच्या नावाने खातं काढायचंय. घरात कुणाला कळायला नको. यांना नाही, सासऱ्यांना नाही, बाबांनाही नाही."

तिला भीती अशी की सासऱ्यांचं देणं याच बँकेत थकलंय, बँक तिचे पैसे वळते करून घेईल. मी सांगितलं, बाई, तुझी सही कुठल्याही कर्जावर नाही, जामीन म्हणूनही नाही. तुझ्या पैशाला कुणी हात लावू शकत नाही. मग मला राहवलं नाही. विचारलं, "पण एवढ्या बँका सोडून इथेच का आलीस?"

ती म्हणाली, "तुम्ही बाबांनाही सांगितलं नव्हतंत. म्हणून."

मी फॉर्म पुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते दाखवत बसलो.

इथे एक आडवी गोष्ट सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी सगळ्याच गुप्ततेची आरती ओवाळतोय. बाहेरच्यापासून आकडा लपवणं ठीक, पण आपले लोक घरच्या बाईपासूनच लपवतात. किती बाया मी काउंटरपलीकडे बघितल्या, नवऱ्याचे दिवस झाल्यावर पिशवीत पावत्यांचा गठ्ठा घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "साहेब, यात काही आहे का?" १९८५ पासून नॉमिनेशनचा फॉर्म आला, तोही आम्ही हात जोडून भरायला लावायचो. "एवढ्यात कशाला मरणाच्या गोष्टी, साहेब!" असं म्हणून लोक कोरा ठेवायचे. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी आता रिझर्व्ह बँकेच्या एका फंडात जातात. २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे, तिथे नाव घालून शोधता येतं. ज्यांच्या घरी जुनी माणसं गेलीत त्यांनी एकदा बघाच. आणि ज्यांची बायको हयात आहे त्यांनी ही पोस्ट वाचून झाली की पावत्या कुठे आहेत ते तिला दाखवा.

आणि उत्सुकता म्हणाल तर ती काही रिटायर होत नाही. माझा मुलगा न्यू जर्सीला असतो. पगार किती, हे त्याने कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. म्हणजे मी विचारलं नाही, हिने विचारलं होतं, तो हसला. तीन वर्षांपूर्वी त्याने घर घेतलं. इथल्या आमच्या फिरायच्या कंपूतल्या एकाने मला शिकवलं की तिकडची घरं कितीला विकली गेली ते झिलो नावाच्या साइटवर उघड दिसतं, नुसता पत्ता टाकायचा. आमचा अख्खा कंपू एकमेकांच्या मुलांची घरं बघत असतो, हे मला तेव्हा कळलं! रात्री ही झोपल्यावर मी पत्ता टाकला. किंमत आली, टॅक्स आला. मग काय, कर्जाच्या टेबलावर आयुष्य गेलेला माणूस, कागद-पेन्सिल घेऊन हप्ता काढून बसलो. तीस वर्षं, अमुक व्याज. रात्रीचा एक वाजला.

रविवारी फोनवर मी अगदी सहज म्हणालो, "हप्ता जरा जड नाही ना जात तुला?"

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग तो म्हणाला, "बाबा, तुम्ही बघितलंत?"

मला मास्तरांचं दार दिसलं, खोटं नाही सांगत. चव्वेचाळीस वर्षांनी तोच आवाज माझ्या तोंडून निघाला होता. मुलगा रागावला नाही, उलट त्याने एक मजेशीर गोष्ट सांगितली. नॉर्वे देशात प्रत्येकाचं उत्पन्न, संपत्ती आणि भरलेला कर लोकांना बघता येतो, सरकारच दाखवतं. पूर्वी लोक शेजाऱ्याचं, साहेबाचं, जुन्या मैत्रिणीच्या नवऱ्याचं असं कुणाचंही गुपचूप बघायचे. २०१४ पासून एवढाच बदल केला की तुमचं कुणी बघितलं तर त्याचं नाव तुम्हाला दिसतं. बघणाऱ्यांची संख्या एकदम धाडकन खाली आली. "तुमचंही नाव मला आज दिसलं असतं, बाबा," तो म्हणाला आणि मोठ्याने हसला. मीही हसलो. पण ती साइट परत उघडली नाही. कंपूला सांगितलं, पासवर्ड विसरलो. तिथे पासवर्ड लागत नाही, हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

आता राहिलेलं सांगतो. हेच सांगायला खरं तर बसलो होतो.

१९९६ च्या पावसाळ्यात दादांना सुरतेच्या एका हॉस्पिटलात ठेवलं. जलोदर झाला होता, डॉक्टरांनी आशा सोडली होती. हिच्याबरोबर मी गेलो. आठ वर्षांनी समोर आलो. ही औषधं आणायला खाली गेली आणि आम्ही दोघंच. दादा फार वाळले होते, पोट तेवढं वर. बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पोरीकडे काही आहे का हो? तिच्या स्वतःच्या नावाने काही?"

मी गप्प.

"माझ्यामागे तिला देण्यासारखं काही नाही. शेत धाकट्याकडे जाईल. ती मला काही सांगत नाही. मी गेल्यावर तिने कुणापुढे हात पसरायचा, एवढंच डोक्यात येतं रात्रभर. आकडा नको."

खाली रुग्णवाहिकेचा भोंगा वाजत होता. मी त्या वेळी बँकेचा मॅनेजर होतो, तेवीस वर्षांची नोकरी झालेली, सीएआयआयबी झालेला. चार अपवाद मला तेव्हाही तोंडपाठ होते.

मी मान हलवली. एकदा, वरून खाली.

दादांनी डोळे मिटले. "बरं," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "चहा घेतलात का?" आठ वर्षांनंतर त्यांनी मला विचारलेलं पहिलं. तीन आठवड्यांनी ते गेले.

तेराव्यानंतर मी भाचीला शाखेत बोलावून घेतलं आणि सांगितलं. लपवणं मला जमलं नसतं. तिने शांतपणे ऐकलं. विचारलं, "आकडा सांगितलात?" मी म्हटलं, नाही. "बरं," ती म्हणाली, अगदी बापासारखं, आणि उठली. तिने खातं हलवलं नाही. पण पुढे माझी बदली होईपर्यंत दीड वर्ष, ती यायची तेव्हा स्लिप काउंटरलाच द्यायची आणि बाहेरच्या बाहेर जायची. केबिनमध्ये यायची नाही.

आता तिची दोन्ही मुलं नोकरीला आहेत, स्वतःचं घर आहे, आणि ती आमच्याकडे दिवाळीला येते, हिच्याशी तासन्‌तास बोलत बसते. हे लिहायच्या आधी मी तिला फोन करून विचारलं, कारण यातली निम्मी गोष्ट तिची आहे. थोडा विचार करून म्हणाली, "लिहा. नाव आणि आकडा घालू नका."

मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आणि आतोबा, तुम्ही तेव्हा मान हलवलीत ते बरं केलंत की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही."